महानगरांच्या स्कायलाइन : देखणी कोणती, आणि कशामुळे?

उंबरठा

जगातील सर्वांत देखणी स्कायलाइन कोणत्या महानगराची, हा विषय निघाला की चर्चा फार लवकर उंचीच्या आकड्यांवर जाते आणि तिथेच घुटमळत राहते. उंची मोजता येते, म्हणून ती सोयीची असते. मात्र एखाद्या शहराची आकृती दुरून पाहताना आपली पावले का थबकतात, याचे उत्तर त्या आकड्यांत मला कधी सापडलेले नाही. सदस्यांची मते समजून घ्यावीत, यासाठी हा धागा काढत आहे. (स्कायलाइनला ‘क्षितिजरेषा’ म्हणावे, असे कोणी सुचवण्यापूर्वीच सांगतो की ज्या इमारतींनी क्षितिज झाकून टाकले त्यांनाच क्षितिज म्हणणे मला जड जाते. त्यामुळे या धाग्यापुरता रूढ शब्दच वापरतो.)

माझे मत आधीच मांडतो. स्कायलाइनचे सौंदर्य तिच्यासमोर किती मोकळी जागा राहिली आहे, यावर सर्वांत जास्त अवलंबून असते. इमारती एकत्र नजरेत मावतील इतके मागे सरकण्याची सोय नसेल, तर त्या शहराकडे उंच इमारती आहेत एवढेच म्हणता येईल. दुबईचे उदाहरण घ्या. बुर्ज खलिफा ८२८ मीटर उंच आहे आणि २०१० पासून जगातील सर्वांत उंच इमारत हा मान तिच्याकडे आहे. तरीही दुबई डोळ्यांसमोर आणू लागलो की ती एकटी सुईच दिसते. तिच्या आजूबाजूच्या इमारतींचा तिच्याशी काही संवाद चालू आहे असे वाटत नाही.

याउलट हाँगकाँग. कौलूनच्या बाजूला, चिमशाचुईच्या धक्क्यावर उभे राहिले की व्हिक्टोरिया बंदराचे पाणी मध्ये आणि पलीकडे हाँगकाँग बेटाची संपूर्ण रांग असते. चारशे मीटर उंचीची इमारत दीड किलोमीटरवरून पाहिली, तर हात लांब करून धरलेल्या मुठीच्या साधारण दीडपट उंच दिसते. तीच दहा किलोमीटरवरून अंगठ्याच्या रुंदीएवढी उरते. बंदराची रुंदी नेमकी त्या पहिल्या अंतराच्या आसपास आहे, त्यामुळे मान फारशी वर न करता सगळे दिसते आणि तरीही ते लहान वाटत नाही. मी तेथे पोहोचलो तेव्हा दिवेलागणीची वेळ होती. हिरव्या-पांढऱ्या रंगाची फेरीबोट धक्क्यावरून सुटली आणि तिच्या लाटांनी पाण्यातील सगळी प्रतिबिंबे एकदम विस्कटली. लाल, निळे, पांढरे तुकडे काही वेळ सैरावैरा हलत राहिले आणि मग हळूहळू पुन्हा उभ्या पट्ट्यांत लागत गेले. आय. एम. पेई यांनी रचलेल्या बँक ऑफ चायनाच्या इमारतीवरील तिरप्या रेघा उजळल्या होत्या, आणि त्या सगळ्यांच्या मागे, एकही दिवा नसलेला, डोंगराचा काळा कणा होता.

तो कणा तिथे दिसतो, हा योगायोग नाही. ठरावीक जागांवरून पाहताना डोंगरमाथ्याच्या खालचा सुमारे २० ते ३० टक्के भाग इमारतींविना राहावा, असे तेथील नगररचनेचे मार्गदर्शक तत्त्व आहे. ते नेहमी पाळले गेले नाही. ४१२ मीटरचा दुसरा आयएफसी (इंटरनॅशनल फायनान्स सेंटर) मनोरा डोंगराच्या रेषेला सरळ छेदून वर जातो. परंतु बाकीच्यांनी ती रेषा बऱ्याच प्रमाणात सांभाळली म्हणूनच तो एक अपवाद खुलून दिसतो, असे मला वाटते. शिवाय भराव टाकून टाकून बंदर अरुंद होत चालले होते. १९९७ मध्ये बंदर संरक्षणाचा कायदा झाला नसता, तर समोरची ही मोकळी जागाही किती उरली असती, कोण जाणे.

तिरकस

लेख आवडला, निष्कर्ष मात्र पटला नाही. आपण पाण्याची आणि डोंगराची तारीफ करून तिचे श्रेय शहराला देत आहात. ज्या ठिकाणी निसर्गाने मदत केलेली नाही तिथे माणसाने काय उभे केले, यावरून स्कायलाइन जोखावी. आणि तसे जोखायचे ठरवले तर न्यूयॉर्कच्या पुढे कोणी जात नाही.

कंदील

न्यूयॉर्कविषयी तिरकस यांच्याशी मी सहमत आहे. पण त्यांनी दिलेल्या कारणासाठी नाही. मॅनहॅटनही चहूबाजूंनी पाण्याने वेढलेले बेटच आहे, त्यामुळे निसर्गाने त्यालाही मदत केलेलीच आहे. मला तेथे मोलाचे वाटते ते हे की त्या शहराच्या आकृतीत कायद्याचे हस्ताक्षर दिसते.

१९१५ मध्ये ब्रॉडवेवर इक्विटेबल बिल्डिंग उभी राहिली. रस्त्याच्या कडेपासून सरळसोट वर गेलेल्या त्या प्रचंड ठोकळ्याची सावली आजूबाजूच्या इमारतींवर दिवसभर पडू लागली आणि लोकांत असंतोष माजला. त्या असंतोषाला इतरही कारणांची जोड मिळून १९१६ चा झोनिंगचा, म्हणजे कुठे काय आणि किती बांधावे हे ठरवणारा, नियम आला. त्यानुसार रस्त्याच्या रुंदीच्या प्रमाणात ठरलेल्या उंचीनंतर इमारतीने पायरीपायरीने मागे सरकायचे होते. फक्त भूखंडाच्या एक चतुर्थांश क्षेत्रावर तिला हवे तितके उंच जाण्याची मुभा होती. १९२० आणि १९३० च्या दशकांतील मनोरे पायऱ्यापायऱ्यांनी निमुळते होत गेलेले दिसतात, ते यामुळे. वास्तुरचनाकारांची अभिरुची त्यात होतीच, पण त्या अभिरुचीला साचा मिळाला तो रस्त्यावरच्या माणसाला ऊन मिळावे या आग्रहातून. पुढे १९६१ मध्ये नियम बदलले, खाली मोकळा चौक सोडला तर वर जादा क्षेत्रफळ मिळू लागले, आणि सपाट माथ्याचे काचेचे ठोकळे भराभर वाढले. ब्रुकलिन हाइट्सच्या विहारपथावरून पाहताना कोणती इमारत कोणत्या नियमाखालची आहे, हे थोड्या सवयीने ओळखता येते. दगडातले भूगर्भाचे थर वाचावेत, तसेच हे काम आहे आणि त्यात वेळ कसा जातो ते कळत नाही.

क्रायस्लर बिल्डिंगचा किस्सा अनेकांना ठाऊक असेल. वॉल स्ट्रीटवरील एका प्रतिस्पर्धी मनोऱ्याशी तिची चुरस चालू होती. तिचा कळस इमारतीच्या पोटातच गुपचूप जोडला गेला आणि २३ ऑक्टोबर १९२९ रोजी सुमारे दीड तासात वर चढवला गेला. त्यामुळे ३१९ मीटरवर तिने बाजी मारली. जगातील सर्वांत उंच इमारतीचा हा मान तिच्याकडे जेमतेम वर्षभर टिकला, कारण १९३१ मध्ये ३८१ मीटरची एम्पायर स्टेट पूर्ण झाली. पण तो कळस चुरशीतून आला असला, तरी आज त्या आकृतीतून तो काढून टाकण्याची कल्पना मला करवत नाही. उंबरठा, उंचीच्या हव्यासाला आपण सरसकट निकालात काढू नये, असे माझे त्यामुळेच म्हणणे आहे.

मोरपंखी

कंदील, मॅनहॅटनच्या दोन उंचवट्यांविषयीही लिहावे. दक्षिण टोकाला एक पुंजका, मध्यावर दुसरा आणि दोहोंच्या मध्ये खोलगट भाग, असे का? खडक तिथे खोल आहे म्हणून उंच इमारती उभ्या राहिल्या नाहीत, असे मी नेहमी वाचत आलो आहे.

कंदील

ही समजूत फार प्रचलित आहे आणि ती ऐकायला इतकी सुबक आहे की खरी मानावीशी वाटते. खडक मध्ये खोल जातो, हे खरे आहे. परंतु जेसन बार या अर्थतज्ज्ञाने सहकाऱ्यांसह १८९० ते १९१५ या काळातील इमारती आणि खडकाची खोली यांचा ताळा घातला, तेव्हा खोलीचा परिणाम अगदीच किरकोळ निघाला. दक्षिण टोकालाही अनेक उंच इमारती खडक खोल असलेल्या जागीच उभ्या राहिल्या होत्या. पाया खणण्याचा जादा खर्च जमिनीच्या किमतीपुढे काहीच नव्हता. मधल्या भागात दाट वस्तीचे मोहल्ले आणि लहान कारखाने होते, कार्यालयांना तेथे जावेसे वाटले नाही, आणि व्यापार वर सरकला तो सुखवस्तू ग्राहकांच्या आणि रेल्वे स्थानकांच्या मागे. तेव्हा ती प्रसिद्ध खोलगट रेषा खडकाने आखलेली नसून लोक कुठे राहत आणि कुठे खरेदी करत, यावरून पडलेली आहे.

वातकुक्कुट

कायदा आणि जमिनीची किंमत यांविषयी झाले. वाऱ्याविषयी कोणी बोललेच नाही. मी बांधकाम अभियंता आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिण्याची परवानगी घेतो.

इमारत जितकी उंच, तितके तिचे खरे शत्रुत्व स्वतःच्या वजनापेक्षा वाऱ्याशी असते. वारा इमारतीला नुसता ढकलत नाही. तिच्या दोन्ही कडांवरून आळीपाळीने भोवरे सुटतात आणि ती आडवी झुलू लागते. सरळ, एकसारखा ठोकळा असेल तर सर्व मजल्यांवर हे भोवरे एकाच तालात सुटतात, आणि तो ताल इमारतीच्या स्वतःच्या झुलण्याशी जुळला तर वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांचे काही खरे नाही. म्हणून रचनाकार तो ताल मोडतात. कोणी कोपरे कातरतो, कोणी इमारत निमुळती करतो, कोणी पीळ देतो. ६३२ मीटरच्या शांघाय टॉवरचे बाह्यांग वर जाताना सुमारे १२० अंशांत वळते. ही मुरड केवळ शोभेची नाही, तिच्यामुळे वाऱ्याचा भार सुमारे २४ टक्के घटला. न्यूयॉर्कमधील ४३२ पार्क अॅव्हेन्यू या ४२६ मीटरच्या मनोऱ्यात दर १२ मजल्यांनंतर दोन मजल्यांची जागा उघडी ठेवलेली आहे, ती वाऱ्याला आरपार जाऊ देण्यासाठी. रात्री त्या जागा दुरूनही ओळखू येतात. तैपेई १०१ च्या माथ्याजवळ ६६० टनांचा पोलादी गोळा टांगलेला आहे. इमारत एकीकडे झुकली की तो मागे रेंगाळतो आणि तिला आवरतो.

माझ्या दृष्टीने या विद्येचे तीर्थक्षेत्र शिकागो आहे. १८८५ मध्ये तेथे उभ्या राहिलेल्या दहा मजली होम इन्शुरन्स बिल्डिंगला अनेक जण पहिली गगनचुंबी इमारत मानतात. पुढे ढाक्याहून आलेल्या फझलुर रहमान खान यांनी याच शहरात इमारतीचे सगळे बळ बाहेरच्या कवचात आणले. १९६९ च्या जॉन हॅनकॉक सेंटरवर बाहेरून दिसणाऱ्या फुल्या म्हणजे त्या इमारतीचा सांगाडाच आहे. तो लपवण्याची गरज कोणालाही वाटली नाही. १९७४ च्या सीअर्स टॉवरमध्ये, म्हणजे आताच्या विलिस टॉवरमध्ये, त्यांनी नऊ चौकोनी नळ्या एकत्र बांधल्या. त्यांतील दोन ५० व्या मजल्यावर थांबतात, दोन ६६ व्या, तीन ९० व्या, आणि उरलेल्या दोनच ११० मजल्यांपर्यंत जातात. त्या इमारतीची जी पायऱ्यांची आकृती शहराची ओळख होऊन बसली, तिचे गणित इतके साधे आहे. वर वारा जोरात, म्हणून वर इमारत बारीक.

बुर्ज खलिफाविषयी एक भर घालतो. उंच इमारतींची नोंद ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २०१३ मध्ये, सर्वांत वरच्या वापरातील मजल्यानंतर नुसत्या मिरवण्यासाठी किती उंची वाढवली आहे, याचा हिशेब मांडला होता. बुर्ज खलिफाचे हे मोकळे डोके २४४ मीटरचे निघाले. म्हणजे ज्यात कोणी बसत नाही, राहत नाही असा तो भागच एक भलीमोठी इमारत आहे.

तिरकस

वातकुक्कुट, प्रतिसाद वाचनीय आहे. परंतु कळसाला ‘मिरवणे’ म्हणून नाक मुरडायचे असेल, तर मग प्रत्येक घुमट आणि मिनार याच खात्यात टाकावा लागेल. माणसाने उंच टोक केवळ राहण्यासाठी कधी बांधले होते?

आणि त्या पेन्सिलसारख्या नव्या मनोऱ्यांविषयी आपले मत काय? पश्चिम ५७ व्या रस्त्यावरचा एक ४३५ मीटर उंच आहे आणि त्याची रुंदी उंचीच्या चोविसाव्या हिश्शाएवढीच आहे. सेंट्रल पार्कमधून पाहताना कोणीतरी शहरावर पट्ट्या रोवून ठेवल्यासारखे वाटते. शेजारच्या ठेंगण्या इमारतींचे न वापरलेले हवाई हक्क, म्हणजे वर बांधण्याचे हक्क, विकत घेऊन, ते सगळे एका चिंचोळ्या भूखंडावर रचायचे, असा तो व्यवहार आहे. न्यूयॉर्क माझे सर्वांत आवडते. पण गेल्या दशकात त्या रेषेचे बरेच नुकसान झाले आहे, हे मलाही मान्य करावे लागते.

वातकुक्कुट

अभियांत्रिकी म्हणून थक्क व्हावे असेच ते काम आहे. दिसायला मलाही ते परके वाटतात. आपण कळसाविषयी केलेला प्रश्न मात्र बिनतोड आहे. माझे नाक सरळ करतो.

मोरपंखी

धाग्यात युरोप अजून आलेला नाही, म्हणून लिहितो. लंडनची स्कायलाइन पहिल्या नजरेत विस्कळीत वाटते. मनोरे कुठेही, कसेही उगवल्यासारखे दिसतात. पण त्यामागे एक अदृश्य गोष्ट आहे. सेंट पॉल कॅथीड्रलचा १११ मीटर उंचीचा घुमट शहरातील ठरावीक जागांवरून दिसत राहिलाच पाहिजे, असा दंडक तेथे १९३० च्या दशकापासून आकार घेत गेला. त्या जागांपासून घुमटापर्यंत हवेत जणू बोगदे आखलेले आहेत आणि त्यांत कोणी डोके घालायचे नाही. २२५ मीटरची लेडनहॉल बिल्डिंग एका बाजूने किसणीसारखी तिरकी आहे (लोक तिला किसणीच म्हणतात). फ्लीट स्ट्रीटवरून घुमटाकडे पाहताना ती मध्ये येऊ नये, म्हणून तिने अंग चोरून घेतले आहे. म्हणजे लंडनमधील मनोऱ्यांची गर्दी जिथे दिसते, तिथे ती बोगद्यांच्या मधल्या फटींत दाटलेली असते.

या बोगद्यांपैकी सर्वांत लांब आहे तो रिचमंड पार्कमधील किंग हेन्रीज माउंडवरचा. तेथे झाडीत एक लहानशी खिडकी कातरून ठेवलेली आहे. तिच्यातून सोळा किलोमीटरवरचा घुमट दिसतो. मी गेलो त्या सकाळी आधी काहीच दिसले नाही. पानांच्या चौकटीत नुसते करडे आकाश होते. पाचेक मिनिटांनी डोळा सरावला आणि त्या करड्यातच एक किंचित गडद, गोलसर आकार असल्याचे लक्षात आले. नखाएवढाही नव्हता. तेवढ्या आकारासाठी एका महानगराने सोळा किलोमीटरची हवा मोकळी ठेवली आहे, हे मला कोणत्याही मनोऱ्यापेक्षा भव्य वाटले. दुर्दैवाने २०१६ मध्ये दूर स्ट्रॅटफर्डला उभा राहत असलेला एक मनोरा नेमका त्या घुमटाच्या पाठीमागे डोकावू लागला. घुमटासमोर यायचे नाही हे सगळ्यांच्या ध्यानात होते. मागेही येऊ नये, याची तजवीज तितक्या दूरवर झालेली नव्हती.

स्कायलाइनचा असा बिघाड अनेक शहरांत पार्श्वभूमीतूनच झालेला दिसतो. इस्तंबूलमध्ये सुलतानअहमदच्या घुमट-मिनारांच्या मागे झेतिनबुर्नू भागातील तीन मनोरे दिसू लागले, तेव्हा त्यावरून मोठा वाद झाला. कोलोनच्या कॅथीड्रलला २००४ मध्ये धोक्यातील जागतिक वारशांच्या यादीत टाकले गेले ते ऱ्हाइन नदीच्या पैलतीरावर येऊ घातलेल्या उंच इमारतींमुळे. आराखडे बदलले आणि २००६ मध्ये ते नाव यादीतून निघाले. लिव्हरपूलने तर धक्क्यांच्या परिसरातील नव्या बांधकामापायी २०२१ मध्ये वारशाचा दर्जाच गमावला.

तिरकस

ही काळजी मला समजते, पण तिची दुसरी बाजूही आहे. १९७३ मध्ये पॅरिसच्या मध्यभागी २१० मीटरचा मोंपारनास मनोरा आला, शहर इतके नाराज झाले की काही वर्षांतच उंचीवर कडक मर्यादा आली आणि उंच इमारती शहराबाहेरच्या ला देफाँस भागात धाडल्या गेल्या. परिणाम असा की पॅरिसच्या गाभ्याला स्कायलाइन म्हणून आयफेल मनोरा आणि त्याखाली पसरलेली छपरे एवढेच आहे. ते सुंदर आहे, यात वाद नाही. पण ते १९ व्या शतकात थांबलेले चित्र आहे, आणि चित्रात भर घालण्याचा हक्क पुढच्या पिढ्यांना नाही, असे ठरवणारे आपण कोण?

सिंगापूरचे उदाहरण याहून मजेशीर आहे. विमानांच्या मार्गामुळे मध्यवर्ती भागात २८० मीटरची मर्यादा होती, आणि तीन वेगवेगळ्या मनोऱ्यांनी नेमकी २८० मीटर उंची गाठून ठेवली. २०१६ मध्ये एका इमारतीने ती रेषा जराशी ओलांडली, इतकेच. बाकी माथा कातरीने छाटल्यासारखा. मर्यादेने सौंदर्य येते, असा या धाग्याचा सूर लागला आहे, म्हणून ही आठवण करून दिली.

पाणकावळा

बराच वेळ वाचत होतो. छायाचित्रकार म्हणून एक गोष्ट नोंदवावीशी वाटते, कारण आपल्यापैकी बहुतेकांनी यांतील बहुतेक शहरे आधी छायाचित्रांतच पाहिलेली असतात आणि छायाचित्र सर्रास खोटे बोलते.

सिअ‍ॅटलचे प्रसिद्ध चित्र आठवा. समोर स्पेस नीडल सर्वांहून उंच, तिच्या मागे गगनचुंबी इमारतींचा जथा आणि त्याही मागे बर्फाच्छादित माउंट रेनियर. हे चित्र केरी पार्क या टेकडीवरच्या चिमुकल्या बागेतून घेतलेले असते. स्पेस नीडलची उंची १८४ मीटर आहे; मागच्या गर्दीतील कोलंबिया सेंटर तिच्याहून सुमारे शंभर मीटर उंच आहे. नीडल जवळ आहे म्हणून उंच दिसते, आणि लांब पल्ल्याच्या भिंगामुळे कितीतरी दूरचा पर्वत थेट शहराच्या पाठीशी येऊन बसतो. मी प्रथम तेथे गेलो तेव्हा साध्या डोळ्यांना दिसलेला पर्वत पाहून माझी चक्क निराशा झाली होती.

दुसरी बाब दिशेची. तिच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. हाँगकाँग बेट आपण कौलूनवरून पाहतो तेव्हा आपले तोंड दक्षिणेला असते. वर्षाचा बहुतांश काळ सूर्य त्या इमारतींच्या पाठीमागच्या बाजूला असतो, म्हणजे आपल्याला दिवसभर त्यांच्या सावलीतल्या भिंती दिसतात. हाँगकाँग रात्रीच का शोभते, याचे निम्मे उत्तर इथे आहे. शांघायला नदीकाठच्या बुंदवरून पैलतीरावरच्या पुडोंगकडे पाहताना तोंड पूर्वेला असते. त्यामुळे मावळतीचे ऊन समोरच्या काचांवर थेट पडते आणि ते तांबूस चकाकणे संपते न संपते तोच दिवे लागतात. दिवसातून एकदाच घडणारा हा बदल पाहण्यासारखा असतो. संध्याकाळी आकाशाचा निळा उजेड आणि खिडक्यांचा पिवळा उजेड एकाच तोलाचे होतात तो काळ वीस-पंचवीस मिनिटांचा. विषुववृत्ताकडे जावे तसा तो आणखी आखूड होतो. त्यानंतर आकाश काळे पडते आणि इमारतींच्या कडा नाहीशा होऊन नुसते दिवे उरतात.

पुडोंगच्या बाबतीत तर ते दिवे म्हणजेच स्कायलाइन आहे, असे मी म्हणेन. १९९० मध्ये विकासाची घोषणा झाली तोवर नदीच्या त्या काठाला पाहण्याजोगे फारसे काही नव्हते. १९९४ चा ४६८ मीटरचा ओरिएंटल पर्ल मनोरा, १९९९ चा जिनमाओ, २००८ चे वर्ल्ड फायनान्शिअल सेंटर आणि २०१५ चा शांघाय टॉवर, इतक्या थोड्या काळात ते दृश्य भरले. ऑगस्ट २०२२ मध्ये उष्णतेच्या लाटेत वीज वाचवण्यासाठी बुंदच्या परिसरातील शोभेचे दिवे दोन रात्री बंद ठेवले होते. त्या रात्रींची चित्रे मी मुद्दाम शोधून पाहिली. जिनमाओची पॅगोडासारखी चढत जाणारी आकृती अंधारातही ओळखू येत होती; पर्लचे गोळे मात्र दिव्यांविना केविलवाणे दिसत होते.

कंदील

दिव्यांचा विषय निघालाच आहे, तर त्याची किंमत कोण मोजते तेही लिहिले पाहिजे. रात्री स्थलांतर करणारे पक्षी उजेडाकडे ओढले जातात आणि काचेवर आदळतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये शिकागोच्या सरोवरकाठच्या मॅककॉर्मिक प्लेस या एकाच इमारतीपाशी एका रात्रीत हजाराच्या जवळपास पक्षी मरून पडले. पुढच्या वर्षी तेथील काचांवर बारीक ठिपक्यांची फिल्म चिकटवण्यात आली आणि मृत्यूंचे प्रमाण एकदम खाली आले. स्थलांतराच्या मोसमात उंच इमारतींनी शोभेचे दिवे मालवावेत, असा उपक्रमही त्या शहरात अनेक वर्षे चालू आहे. पाणकावळा यांच्या कसोटीचा मला इथे उपयोग वाटतो. दिवे मालवल्यावरही जी रेषा पाहवते, तिला माझ्या लेखी अधिक गुण.

उंबरठा

सर्वांचे आभार. काही बाबतींत मला माझे म्हणणे बदलावे लागेल.

तिरकस यांचा सिंगापूरचा दाखला चपखल आहे. मर्यादा आली की सौंदर्य आलेच, असे म्हणता येत नाही. सिंगापूरची मर्यादा विमानांसाठी होती, पाहणाऱ्यासाठी नव्हती, त्यामुळे ती आडवी आणि सरसकट आली. न्यूयॉर्कची १९१६ ची मर्यादा रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या बाजूने तिरकी वर जाते; लंडनची डोळ्यापासून घुमटापर्यंत ताणलेली आहे. दोन्हींत कोणीतरी कुठेतरी उभा आहे, हे गृहीत धरलेले आहे. व्हँकुव्हरने १९८९ मध्ये डोंगर दिसत राहावेत म्हणून दृष्टीचे कोन राखून ठेवले, तेही असेच.

कळसाविषयीही तिरकस बरोबर आहेत. इटलीतील सान जिमिन्यानोमध्ये श्रीमंत घराण्यांनी एकमेकांवर कुरघोडी करत सत्तरहून अधिक मनोरे बांधले होते. त्यांतील १४ आज उभे आहेत आणि लोक ते पाहायला लांबून येतात. त्यातही राहण्याची सोय हा हेतू नव्हताच. येमेनमधील शिबाम मात्र याच्या उलट टोकाला आहे. १६ व्या शतकापासूनची मातीच्या विटांची, अनेक मजली घरे एका तटबंदीत खेटून उभी आहेत आणि त्या रेषेत एकही इमारत दुसरीवर मात करत नाही. वाळवंटातून येणाऱ्याला ती सगळी मिळून एकच वस्तू दिसते.

माझी निवड कोणी विचारलेली नाही, तरी सांगतो. हाँगकाँगने धाग्याची सुरुवात केली असली तरी मी शिकागो निवडेन, आणि त्याचे कारण तेथील कोणतीही इमारत नाही. १८३६ च्या एका नकाशावर सरोवराकाठच्या पट्ट्यावर असे लिहून ठेवले होते की ही सार्वजनिक जागा कायम मोकळी आणि कोणत्याही इमारतीविना राहावी. पुढे शहर वाढले, तेव्हा त्या ओळीचा सोयीस्कर विसर पडू लागला. टपालाने माल विकणारे व्यापारी माँटगोमेरी वॉर्ड यांनी १८९० पासून सुमारे दोन दशके त्यासाठी खटले चालवले, आणि त्यापायी शहरातील बड्या मंडळींचा रोषही ओढवून घेतला. आजचे ग्रँट पार्क बहुतांशी मोकळे आहे ते त्यामुळे. तारांगणाच्या बाजूला, पाण्यात शिरलेल्या जमिनीच्या टोकावर उभे राहिले की पाणी, मग बागेचा हिरवा पट्टा आणि मग एकदम उभी भिंत, असे ते दिसते. तिरकस, आपण म्हणालात की मी निसर्गाची तारीफ करून शहराला श्रेय देतो. इथे मधला तो हिरवा पट्टा निसर्गाने दिलेला नाही. तो बराचसा भराव घालून केलेला आणि न्यायालयात भांडून राखलेला आहे.

तिरकस

मान्य नाही, पण जाऊन पाहीन. कोणत्या वेळी जावे, तेवढे सांगा.

पाणकावळा

सरोवर पूर्वेला आहे. सूर्यास्ताला गेलात तर इमारती उजेडाच्या विरुद्ध येऊन नुसत्या काळ्या आकृती दिसतील. हॅनकॉकच्या फुल्या पाहायच्या असतील तर पहाटेच तारांगणापाशी पोहोचा आणि सूर्य पाठीमागे ठेवून उभे राहा. सरोवरावरचा वारा बोचरा असतो, कानटोपी विसरू नका.